लिहितां लिहितां वाजणारें संगीत

सभागृहांतील दिवे मालवलेले आहेत. रंगमंचावर एक साधें मेज, मेजावर एक लहानसा संगणक आणि त्यापुढें बसलेला कलावंत, एवढाच सरंजाम. जवळ तंबोरा नाहीं, तबला नाहीं, पेटीहि नाहीं. टंकलेखनाच्या यंत्रावर असतात तशीं अक्षरांचीं बटणें तेवढीं त्याच्या बोटांखालीं आहेत. तो जें लिहितो तें पाठीमागील पांढऱ्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत सर्व सभेला दिसत असतें. एक ओळ लिहून होते, दोन बटणें एकदम दाबलीं जातात आणि ढोलाचा ठेका सुरू होतो. ठेका चालूं असतांनाच कलावंत त्या ओळींतील एक शब्द खोडून त्याच्या जागीं दोन शब्द घालतो. ठेका न थांबतां नवें वळण घेतो. चूक झाली तर ती डोळ्यांना दिसते आणि कानांनाहि ऐकूं येते. या कलेला इंग्लंड-अमेरिकेंत 'लाइव्ह कोडिंग' म्हणतात. संगणकाला द्यावयाच्या आज्ञा श्रोत्यांदेखत लिहावयाच्या आणि त्या लिहितां लिहितांच त्यांतून संगीत उभें करावयाचें, असें तिचें स्वरूप आहे. अलीकडे तर तिला निराळ्या उपकरणांचीहि गरज उरलेली नाहीं. वर्तमानपत्र वाचण्यासाठीं किंवा आगगाडीचें तिकीट काढण्यासाठीं घरोघर जो ब्राउझर उघडला जातो, त्यांतच हें सर्व लिहितां येतें आणि तेथल्या तेथें वाजतें.

हें वर्णन ऐकतांच पुष्कळ संगीतप्रेमी मंडळींच्या कपाळाला आठी पडते. गाणें गळ्यांतून यावें, वादन बोटांतून यावें. लिहिण्यांतून संगीत काढणें म्हणजे चुलीजवळ न जातां पाकशास्त्राच्या पुस्तकावर जेवण उरकण्यासारखें आहे, असा त्यांचा आक्षेप. आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु या कलेचा इतिहास पाहिला तर तिचा उगम केवळ यंत्रशाळेंत नाहीं असें दिसून येतें. तिचा एक प्रवाह मँचेस्टर व न्यू जर्सी येथील प्रयोगशाळांतून आला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. दुसरा प्रवाह लखनौंतील एका तबलियाच्या घरांतून, तोंडानें म्हटल्या जाणाऱ्या बोलांतून आला. ही दुसरी गोष्ट, जे आज तीं अक्षरें रोज लिहितात त्यांच्यापैकींहि थोड्यांनाच ठाऊक असेल.

पहिला प्रवाह आधीं पाहणें सोयीचें. १९५१ सालीं मँचेस्टर विद्यापीठांत फेरांटी मार्क १ नांवाचा अवाढव्य संगणक होता. काम कोठवर आलें हें माणसाला कळावें म्हणून त्याला एक भोंगा जोडलेला होता आणि तो वाजविण्याची एक आज्ञा यंत्राच्या भाषेंत होती. ती आज्ञा अतिशय जलद व ठराविक अंतरानें पुनः पुनः दिली तर भोंग्याच्या तुटक ठोक्यांचा सलग स्वर होतो. हॅरो येथील शाळेंत शिक्षक असलेला क्रिस्टोफर स्ट्रेची सुटीच्या दिवसांत या यंत्राकडे येई. त्यानें आपल्या एका लांबलचक आज्ञावलीच्या शेवटीं इंग्लंडच्या राष्ट्रगीताची चाल घालून ठेविली. यंत्रानें आपलें काम संपवून ती चाल वाजविली तेव्हां उपस्थित मंडळी थक्क झाली. शाळामास्तराच्या हातून संगणकाला कंठ फुटला, ही गोष्ट शिक्षकवर्गानें अभिमानानें सांगावी अशी आहे. त्याच वर्षीं बी. बी. सी.च्या ध्वनिमुद्रकांनीं तेथें जाऊन तीन चालींची एक तबकडी तयार केली. तिसऱ्या चालीच्या मध्येंच यंत्र अडखळलें, तेव्हां मंडळी हंसलीं आणि यंत्राची आज लहर नाहीं असा शेराहि कोणी मारला. तें हंसणें तबकडींत तसेंच राहिलें आहे. तबकडीच्या फिरण्याच्या गतींत दोष असल्यामुळें स्वर चुकीचे ऐकूं येत. न्यूझीलंडमधील जॅक कोपलंड व जेसन लाँग यांनीं २०१६ सालीं गणित करून ते मूळ स्वरावर आणले.

पुढें १९५७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मॅक्स मॅथ्यूज यानें 'म्यूझिक' नांवाची आज्ञावलि लिहिली. तिनें सतरा सेकंदांची एक रचना निर्माण केली. गणित करणारा आय. बी. एम. ७०४ संगणक न्यूयॉर्क शहरांत, आणि त्या आकड्यांचा नाद करणारें यंत्र न्यू जर्सींत. म्हणून आकड्यांची फीत घेऊन मोटारीनें परत यावें तेव्हां कोठें आपण काय लिहिलें तें रचनाकाराच्या कानीं पडे. शिष्याच्या हातून बोल चुकला तर गुरु त्याच क्षणीं गुडघ्यावर थाप मारतो. येथें चूक आज करावी आणि ती उद्यां ऐकावी, असा प्रकार होता. संगणकांतून संगीत निघूं लागलें तरी त्यांत वादन नव्हतें तें या अंतरामुळें, आणि पुढील चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास हा बव्हंशीं हें अंतर कमी करण्याचा इतिहास आहे.

तें प्रथम कोणी मिटविलें याविषयीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. तथापि १९८५ सालीं ॲमस्टरडॅम येथें रॉन कुइव्हिला या अमेरिकन कलावंतानें ॲपल दोन जातीचा छोटा संगणक रंगमंचावर मांडून 'फोर्थ' या भाषेंत श्रोत्यांसमोर आज्ञा लिहिल्या, हा प्रयोग आरंभींच्या प्रयोगांत गणला जातो. ॲपल दोन हें नांव लक्षांत ठेवावें. तें पुढें पुन्हां यावयाचें आहे. १९९६ सालीं जेम्स मॅकार्टनी यानें 'सुपरकोलायडर' ही नाद घडविण्याची भाषा सिद्ध केली आणि २००२ सालीं ती सर्वांना मोफत खुली झाली. तिच्यामुळें चालू नाद न तोडतां त्यामागील आज्ञा बदलणें सुलभ झालें.

एव्हांना एक निराळीच अडचण उभी राहिली होती. संगणक लहान होऊन मांडीवर बसूं लागला आणि १९९० नंतरच्या दशकांत पुष्कळ वादक तो घेऊन रंगमंचावर बसूं लागले. परंतु त्याचें झांकण उघडलें कीं पडदा वादकाकडे आणि पाठ श्रोत्यांकडे! तो खरोखर वाजवीत आहे कीं आधींच तयार केलेलें संगीत लावून पत्रव्यवहार उरकीत आहे, हें कळण्यास मार्ग नसे. लंडनमध्यें एड्रियन वॉर्ड व ॲलेक्स मक्लीन या दोघा तरुणांनीं २००० सालीं 'स्लब' नांवाची जोडी जमविली आणि आपल्या संगणकांचे पडदे भिंतीवर दाखविण्यास आरंभ केला. पुढें फेब्रुवारी २००४ मध्यें जर्मनींतील हँबुर्ग शहरीं या नव्या विद्येचे उपासक एकत्र जमले व तेथें 'टॉपलॅप' ही संस्था जन्मास आली. तिच्या नांवांतील अक्षरांचा विस्तार मुद्दामच निश्चित ठेवलेला नाहीं; ज्याला जो रुचेल तो त्यानें करावा. संस्थेचा जाहीरनामा हँबुर्गहून ल्यूबेकच्या विमानतळाकडे जाणाऱ्या बसमध्यें लिहावयास घेतला गेला. आपले पडदे लोकांस दाखवा, ही त्यांतील मुख्य मागणी. आणि लपवाछपवी घातक आहे, ही तिची पुस्ती. श्रोत्यांना त्या आज्ञांचा अर्थ कळलाच पाहिजे असा आग्रह त्यांत नाहीं. सतार वाजवितां न येणारा मनुष्यहि सतारियाच्या बोटांकडे पाहण्यांत रंगतो, तसेंच हें.

मराठी वाचकांस या मागणीचें मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना घराण्यांच्या चिजा मिळवून त्या स्वरलिपींत छापण्यासाठीं केवढी यातायात करावी लागली, हें सर्वश्रुत आहे. विद्या लपवावी कीं मांडावी, हा प्रश्न आपल्याकडे त्या काळींच ऐरणीवर आला होता. तबलियांच्या जगांत तर रचना ही मालमत्ताच मानली जाई. लखनौच्या बख्शू खां यांनीं आपली मुलगी फर्रुखाबादच्या हाजी विलायत अलींना दिली तेव्हां हुंडा म्हणून गती दिल्या, अशी कथा तबलिये अजून सांगतात. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, ती पिढ्यान् पिढ्या सांगाविशी वाटली, यांतच रचनेची किंमत दिसते.

इंग्लंडांतील या मंडळींनीं आपली कला सभागृहापुरती ठेविली नाहीं. ती त्यांनीं नाचाच्या मेळाव्यांत नेली. तेथें १९९४ सालीं एक कायदा झाला होता. उघड्यावरील रात्रीच्या मेळाव्यांस आळा घालण्यासाठीं त्यांत संगीताची व्याख्या करतांना 'पुनः पुनः येणाऱ्या ठोक्यांचा' उल्लेख करण्यांत आला होता. ठेका हा पुन्हां पुन्हां येणारच. तो तसा येऊं नये म्हणणाऱ्या कायदेपंडितांनीं कधीं भजन ऐकलें नसावें. २०१२ सालापासून मक्लीन, निक कॉलिन्स आदि मंडळींनीं 'अल्गोरेव्ह' नांवाचे मेळावे भरविण्यास प्रारंभ केला आणि आपल्या संगीताची व्याख्या करतांना कायद्यांतील 'ठोके' काढून त्या जागीं 'जर-तरच्या अटी' हे शब्द मोठ्या गांभीर्यानें बसविले.

येथवरची हकीकत यंत्राची व ती चालविणाऱ्या माणसांची झाली. परंतु लिहावयाचें काय, हा खरा प्रश्न अजून शिल्लक आहे. सुपरकोलायडरसारख्या भाषेंत एक साधा ठेका लिहावयास अनेक ओळी लागतात. तेवढ्यांत श्रोते चहा घेऊन येतील. ठेका बोलण्याच्या वेगानें लिहितां आला पाहिजे. हें साधलें तें मक्लीन यानें २००९ च्या सुमारास रचण्यास घेतलेल्या 'टायडल' या भाषेंत, आणि आज ब्राउझरमध्यें जी 'स्ट्रूडल' नांवाची भाषा लिहिली जाते ती टायडलचीच नवी आवृत्ति आहे.

हिची लेखनरीति थोड्या विस्तारानें पाहण्याजोगी आहे. 'बीडी' म्हणजे मोठा ढोल, 'एसडी' म्हणजे खरखरणारा लहान ढोल, 'एचएच' म्हणजे पायानें मिटावयाची झांज. हे चार शब्द रोमन अक्षरांत ओळीनें लिहिले: बीडी, एचएच, एसडी, एचएच. स्ट्रूडलमध्यें एक आवर्तन, कांहीं निराळें सांगितलें नाहीं तर, दोन सेकंदांचें असतें. तेव्हां प्रत्येक शब्दास अर्धा सेकंद मिळाला. चारांचे आठ शब्द केले तर आवर्तन लांबत नाहीं. तेवढ्याच दोन सेकंदांत आठहि बसतात, प्रत्येकास पाव सेकंद. दोन शब्दांभोंवतीं चौकोनी कंस घातला तर ते दोघे मिळून एकाच शब्दाच्या जागेंत राहतात. शब्दापुढें तारकाचिन्ह व ३ चा आकडा लिहिला तर तो त्याच जागेंत तीनदां वाजतो. ज्यांनीं भातखंड्यांचीं क्रमिक पुस्तकें चाळलीं आहेत त्यांना येथें जुनी ओळख पटेल. एका मात्रेंत दोन किंवा चार स्वर म्हणावयाचे असले कीं भातखंडे त्यांच्याखालीं अर्धचंद्रासारखी रेघ काढतात. तो अर्धचंद्र आणि हा चौकोनी कंस यांचें काम एकच आहे.

एक भेद मात्र आहे आणि तो लहान नाहीं. आपल्या तालांत मात्रा आधीं ठरते. सोळा मात्रा झाल्या कीं त्रितालाचें आवर्तन पुरें होतें. टायडलमध्यें आवर्तन आधीं ठरतें आणि मात्रा त्याच्या वांटणींतून निघते. घरांत माणसें वाढलीं म्हणून घर वाढत नाहीं, प्रत्येकाच्या वांट्याची जागा तेवढी कमी होते, तसें. ही योजना ऐकावयास सरळ वाटते, परंतु तिचें खरें चीज होतें तें स्वल्पविरामानें. एका कंसांत तीन शब्द, मग स्वल्पविराम, मग चार शब्द असें लिहिलें तर दोन्ही ओळी एकाच वेळीं वाजतात आणि दोन्ही एकाच क्षणीं समेवर येतात. चारांत तीन बसविणें म्हणजे आपल्या तबलियांची पाऊणपट लय. ती हातांत बसावयास वर्षें लागतात. कागदावर ती एका स्वल्पविरामाची गोष्ट आहे. आक्षेपकांना येथें पुन्हां बोलावयास जागा आहे हें कबूल केलें पाहिजे.

निरनिराळ्या गणतीच्या ओळी एका कंसांत स्वल्पविरामानें जोडण्याची ही युक्ति मक्लीन यास सुचली ती 'बोल प्रोसेसर' नांवाच्या एका जुन्या आज्ञावलीवरून, आणि टायडलच्या कर्त्यांनीं हें ऋण उघडपणें मान्य केलें आहे. यांतील 'बोल' हा शब्द आपलाच, तबल्याचा.

१९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं जेम्स किपेन नांवाचा एक इंग्रज अभ्यासक लखनौस आला आणि लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खां यांजकडे तबला शिकूं लागला. हें घराणें जुनें. भातखंड्यांच्या पुढाकारानें १९२६ सालीं लखनौंत मॅरिस कॉलेज निघालें तेव्हां तेथील पहिले तबल्याचे अध्यापक आबिद हुसेन खां हे याच घराण्यांतले. उस्ताद बोल म्हणत, शिष्य ते उतरून घेई. परंतु तोंडाच्या वेगाला लेखणी कशी पुरणार? भारतांत काम करीत असलेला बर्नार बेल हा फ्रेंच इंजिनियर किपेनच्या मदतीस आला. त्यानें ॲपल दोन जातीच्या संगणकावर अशी व्यवस्था केली कीं एक बटण दाबतांच एक सबंध बोल उमटावा: एकानें 'धा', दुसऱ्यानें 'तिरकिट'. पत्रें लिहिण्याच्या आज्ञावलीस इंग्रजींत वर्ड प्रोसेसर म्हणतात. त्यावर श्लेष करून हिचें नांव बोल प्रोसेसर ठेवण्यांत आलें. ॲमस्टरडॅमच्या रंगमंचावर कुइव्हिला ज्या जातीच्या यंत्रावर लिहीत होता, त्याच जातीचें यंत्र त्याच सुमारास लखनौंत 'धा' आणि 'धिं' लिहीत होतें, आणि दोघांना एकमेकांची कल्पना असण्याचें कारण नव्हतें.

उतरून घेणें हा केवळ आरंभ होता. तबल्यांतील कायदा हा प्रकार पाहिला तर त्यांत एक मुखडा असतो आणि त्याच मुखड्यांतील बोल उलटेपालटे करून पलटे काढावयाचे असतात. बाहेरचा बोल आणावयाचा नाहीं, भरी-खालीचा तोल सोडावयाचा नाहीं आणि शेवटीं तिहाईनें समेवर यावयाचें. नियम इतके काटेकोर असतांहि चांगला वादक मैफलींत आयत्या वेळीं नवे पलटे काढतो. बेल व किपेन यांचा तर्क असा कीं यामागें एक व्याकरण असलें पाहिजे: थोडे नियम, त्यांतून निघणारीं असंख्य वाक्यें. पाणिनीच्या देशांत ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. त्यांनीं कायद्याचें व्याकरण लिहून संगणकास दिलें; संगणक त्यावरून पलटे काढून पडद्यावर दाखवी आणि ते उस्तादांस ऐकविले जात. उस्ताद कांहीं मान्य करीत, कांहीं नाकारीत. नाकारला गेलेला पलटा हा खरा लाभ; कारण तो नियमाला धरून असूनहि चुकीचा ठरला, याचा अर्थ नियमच अपुरा होता. मग नियम दुरुस्त व्हावयाचा आणि पुन्हां परीक्षा. उलट उस्तादांनीं काढलेला पलटा व्याकरणांत बसतो कीं नाहीं, हेंहि यंत्राकडून तपासून घेतां येई. पुढें उस्तादांनीं दिलेल्या उदाहरणांवरून यंत्रानेंच नियम शोधावे अशी दुसरी आज्ञावलि त्यांनीं रचली आणि तिला 'कवायद' असें नांव दिलें. अरबींत 'कायदा' या शब्दाचें हें बहुवचन. नियम, व्याकरण असा त्याचा अर्थ. मराठींतील 'कवाईत' हा शब्दहि त्याच मूळचा आहे.

या सर्व खटाटोपांत निकाल देणारा कोण होता, ही गोष्ट महत्त्वाची. यंत्र सुचवी, परंतु हो किंवा नाहीं म्हणण्याचा अधिकार उस्तादांचा होता. आणि तो अधिकार कोणत्या नियमावर चालतो हें पुष्कळदां उस्तादांना स्वतःलाहि शब्दांत सांगतां येण्यासारखें नव्हतें. ऐकलें कीं कळे. आजचा लाइव्ह कोडिंग करणारा कलावंत नेमक्या याच जागीं बसतो. तो नियम लिहितो, यंत्र त्यावरून ठेका काढतें, तो ऐकतो आणि पटलें नाहीं तर नियम खोडतो. चार आवर्तनांतून एकदां ठेका उलटा वाजव, एका कानांत सुलट व दुसऱ्या कानांत उलट वाजव, आठ जागांत तीन ठोके शक्य तितक्या समान अंतरानें बसव, अशा आज्ञा तो देतो. यांतील शेवटची आज्ञा युक्लिडच्या भागाकाराच्या जुन्या रीतीवर चालते; तिनें पहिल्या, चौथ्या व सातव्या जागीं ठोके पडतात. परंतु त्यांतून जें निघालें तें बरें कीं वाईट, हें कोणतीहि आज्ञा सांगत नाहीं. गुरु आणि शिष्य दोघांचेंहि काम त्या एकट्याला करावें लागतें, आणि तें सभेदेखत. लखनौच्या उस्तादांना पिढ्यांचा कान होता. या नव्या कलावंतांपैकीं पुष्कळांपाशीं तो नाहीं. म्हणून त्यांचें वादन अनेकदां कोरडें होतें. हा दोष लिहिण्याचा नसून ऐकण्याचा आहे.

बर्नार बेल यांचें महाराष्ट्राशींहि नातें जडलें. पुण्यांत गी पोआतव्हँ व हेमा राईरकर यांनीं खेड्यापाड्यांतील बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या होत्या. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बेल त्या कामांत सामील झाले. एकशें वीस तासांहून अधिक ध्वनिमुद्रण व ओव्यांची संहिता यांचा संगणकावरील संग्रह सिद्ध करण्यांत त्यांचा मोठा वांटा आहे. जात्याच्या फेऱ्याबरोबर ओवी जुळविणाऱ्या बाईला व्याकरणाचें नांव माहीत नसे, पण आवर्तन माहीत होतें.

आतां ब्राउझरकडे वळावयाचें. टायडल शिकूं इच्छिणाऱ्यास आधीं हॅस्केल नांवाची भाषा, मग सुपरकोलायडर, मग लिहिण्यासाठीं एक निराळें साधन, अशीं तीन बिऱ्हाडें आपल्या संगणकांत थाटावीं लागत. शिकवणीच्या वर्गाचा पूर्वार्ध याच मांडामांडींत जाई आणि एखाद्याचा संगणक हटूनच बसे. ब्राउझर तर प्रत्येकापाशीं असतोच. परंतु कित्येक वर्षें तो तयार ध्वनिमुद्रण वाजविण्यापलीकडे फारसें कांहीं करूं शकत नसे. गूगलमधील क्रिस रॉजर्स यानें नाद घडविण्याची सोय ब्राउझरच्या पोटांतच घालण्याची योजना आखली. 'वेब ऑडिओ' या नांवानें तिचा पहिला मसुदा २०११ सालीं प्रसिद्ध झाला आणि जून २०२१ मध्यें तिला जागतिक मानकाचा दर्जा मिळाला. येथें नाद एकशें अठ्ठावीस नमुन्यांच्या लहान लहान घासांनीं तयार होतो; सेकंदास ४४,१०० नमुने धरले तर एक घास सेकंदाच्या सुमारें तीनशें पंचेचाळिसाव्या भागाचा झाला. ब्राउझरचें नेहमींचें घड्याळ इतकें विश्वासू नसतें. पान रंगविण्यांत तें गुंतलें कीं मागें पडतें. म्हणून नादाचें घड्याळ वेगळें ठेवून, पुढील ठोके थोडे आधींच त्याच्या स्वाधीन करण्याची युक्ति योजावी लागते. तबलजीची समेवर नजर आधींपासूनच असते, त्यांतलाच हा प्रकार. शिवाय जाहिरातींनीं मनाला येईल तेव्हां ओरडूं नये म्हणून २०१८ च्या सुमारास असा निर्बंध आला कीं वाचकानें पानाला एकदां बोट लावल्यावांचून तें पान तोंड उघडणार नाहीं. हा निर्बंध इतर ठिकाणींहि लागू होता तर बरें झालें असतें!

२०१२ च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील चार्ली रॉबर्ट्स यानें 'गिबर' ही ब्राउझरमधील लाइव्ह कोडिंगची भाषा पुढें आणली. कॅनडांतील मॅकमास्टर विद्यापीठांत डेव्हिड ऑगबॉर्न यांच्या पुढाकारानें 'एस्चुअरी' निघाली. तींत निरनिराळ्या गांवीं बसलेलीं माणसें एकाच पानावर एकत्र लिहूं शकतात. मग २०२२ सालीं मक्लीन व जर्मनींतील फेलिक्स रोस यांनीं टायडल सबंधच्या सबंध ब्राउझरच्या भाषेंत उतरविण्यास घेतली. तिलाच स्ट्रूडल हें नांव मिळालें. जर्मन भाषेंत त्याचा अर्थ पाण्यांतील भोंवरा असा होतो आणि एका गोड पक्वान्नाचेंहि तें नांव आहे. एप्रिल २०२३ मध्यें नेदरलंड्समधील युट्रेख्ट येथें भरलेल्या लाइव्ह कोडिंगच्या परिषदेंत तिच्यावर निबंध वाचला गेला. तिच्यांत जो शब्द ज्या क्षणीं वाजतो तो त्या क्षणीं पानावर उजळतो, त्यामुळें आवर्तन डोळ्यांनीं फिरतांना दिसतें. ती मोफत आहे आणि तिचें अंतरंग कोणासहि उघडून पाहतां येतें.

या पानांवर तबल्याचा नादहि मिळतो. टायडलबरोबर वांटल्या जाणाऱ्या ध्वनिसंग्रहांत 'तबला' या नांवाची स्वतंत्र पेटी आहे आणि तिच्यांत पुष्कळ निरनिराळे आघात ध्वनिमुद्रित करून ठेवलेले आहेत. परंतु त्यांना बोलावयाचें तें आंकड्यानें: तबला शून्य, तबला एक, तबला दोन. 'धा' कोणता आणि 'ना' कोणता हें एकेक आंकडा वाजवून शोधावें लागतें. ज्या लेखनरीतीचा एक धागा बोलांपासून निघाला तिच्यांतच तबल्याच्या आघातांना बोलांचीं नांवें असूं नयेत, हें विचित्र आहे. किपेन व बेल यांनीं लखनौंत पहिली गोष्ट केली ती हीच, कीं प्रत्येक बटणाला बोलाचें नांव दिलें.

अडचण दुरुस्त करतां येण्यासारखी आहे. स्ट्रूडलमध्यें आपण स्वतः मुद्रित केलेल्या नादाला आपल्याला हवें तें नांव देण्याची सोय आहे. त्यासाठीं लागतो एक तबलजी, एक शांत खोली आणि एक दुपार. त्रितालाच्या ठेक्याला पुरणारे बोल तेवढ्या वेळांत सहज मुद्रित होतात, आणि मग 'धा धिं धिं धा' हे चार शब्द, रोमन अक्षरांत कां होईना, लिहिले कीं तसेच वाजतात. उस्ताद आफाक हुसेन खां १९९० सालीं वारले. तें यंत्र लखनौंत आलें तेव्हां त्याच्या पडद्यावर बोल नुसते दिसत. वाजवून दाखवावयाचे ते माणसानेंच.